नववी रांग, सहावा दगड

३ नोव्हेंबर

सैनिकांच्या दफनभूमीवर आठशे शब्द, शुक्रवारपर्यंत. संपादक म्हणाले, "रडवू नका, माहिती द्या." म्हणून आत्याला बरोबर नेलं. तिचे यजमान, आमचे काका, लढाईत गेले ते तिथेच आहेत.

आत्या एक्याऐंशीची. डोळे जवळजवळ गेलेत, पण हात धरू देत नाही. फाटकापासून नववी रांग, डावीकडून सहावा दगड – काठीने मोजत गेली. ओल्या फडक्याने दगड पुसला, घडीचं स्टूल उघडून बसली आणि सुरू : "नळ अजून गळतोय. तू बरा सुटलास रे." काकांना ती जन्मात 'अहो'शिवाय बोलली नाही, आता वयाची सवलत घेत असावी. पाऊण तास बोलणी! घरी एवढं ऐकावं लागलं असतं तर काका आपणहून आघाडीवर गेले असते. बहुधा तसंच झालं.

४ नोव्हेंबर

छायाचित्रकाराने फोटो दाखवला. दगडावरचं नाव काकांचं नाही! कुणी शिपाई, वय बावीस.

तिथल्या कारकुनाला फोन केला. "दोन वर्षांपूर्वी जुनं फाटक बंद झालं, साहेब. नवं दोन रांगा आत उघडतं." म्हणजे काका आता सातव्या रांगेत, आणि दोन वर्षं आत्याची बोलणी परका पोरगा खातोय.

बायको म्हणाली, "आत्यांना सांगू नकोस. पण तुझ्या पोटात काय राहणार? पगारच त्याचा घेतोस."

सांगितलं तर आत्या खचेल. नाही सांगितलं तर शेजारीण पेपर वाचून दाखवतेच – फोटोसकट.

५ नोव्हेंबर

बादली-ब्रश घेऊन गुपचूप सातव्या रांगेत गेलो. दोन वर्षांचं शेवाळ खरवडणार होतो. काकांचा दगड लख्ख. कारकून म्हणतो, "आम्ही फक्त गवत कापतो."

कोरडी बादली घेऊन घरी. बायको बादलीकडे बघून हसली.

६ नोव्हेंबर

लिहून झालेले शब्द : शून्य.

७ नोव्हेंबर

सकाळी आत्याला सांगून टाकलं. ती चहा ढवळत राहिली. "पुसताना अक्षरं हाताला लागत नाहीत होय रे? पहिल्याच महिन्यात कळलं."

"मग काकांचा दगड?"

"तोही पुसते, वेगळी जाऊन. पण त्यांच्याशी भांडून झालंय माझं. त्या पोराला ओरडायला मात्र कोणी येत नाही."

लेख वेळेत दिला. फोटोखालची ओळ तिने सांगितली तशीच ठेवली : शिपायाचं नाव, वय बावीस, सोबत आत्या.