टोपणनावाचा रकाना

शुक्रवार, माणिकपूर, २००५

आज डॉक्टरीणबाईंच्या सोनोग्राफी मशीनला सील लागलं असतं. लागलं नाही, ते मी त्यांच्या पेशंटच्या नोंदींसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममुळे. स्वतःच्या वहीत कसला संकोच?

गर्भलिंग कायद्याच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी बाहेर बसलेल्या गरोदर बाईकडे बोट केलं. "हिची मागची नोंद दाखवा. पूर्ण हवी, नाहीतर मशीन बंद."

डॉक्टरीणबाईंना तिचं पूर्ण नाव आठवेना. कसं आठवणार? आमच्याकडे एकेका आळीत चार फिलोमिना, ओळख घराण्याच्या टोपणनावानेच.

मी म्हटलं, "बाई, हाक मारता तेच टाइप करा."

त्यांनी 'भोपळ्यांची धाकटी सून' टाकलं. नाव, नवरा, पत्ता, तपासणीचं कारण, संमती, सगळं पडद्यावर.

"हा टोपणनावाचा रकाना नियमात नाही," साहेब म्हणाले.

"नियमातले सगळे आहेत साहेब. हा बाईंसाठी."

हाच रकाना मी एकदा काढणार होतो. बाईच म्हणाल्या होत्या, "राऊत, कशाला हा पसारा?" नाही काढला. का, कोण जाणे. कॉम्प्युटर कुणी शिकवला नाही मला, पण माझी माणसं मला ठाऊक आहेत.

साहेबांनी सील पिशवीत परत टाकलं. बाईंनी दार उघडलं. "चल गं भोपळ्यांची, बाळाचे ठोके बघू."