दोन दांड्यांमधली तारीख

चि. रविराज यास दाजींचे आशीर्वाद. जावा बेटावरचं पाणी मानवलं का, पोटाचं कसं आहे ते कळव. इकडे काष्टीत तुझी बहीण बरी आहे. मी बरा नाही. (हे पत्र हाताने लिहून फोटो पाठवतोय. टाइप केलेल्या कशावरही माझा विश्वास उरलेला नाही.)

तू आमच्या संस्कृतीला, तुझ्या भाचीला, फोनवरून तिकडच्या सुंदा लिपीतले आकडे शिकवलेस, तिथून आमचं वाटोळं सुरू झालं. संस्कृतीने आपल्या लग्नाची मोबाईलवरची पत्रिका स्वतःच केली आणि तारीख, मुहूर्त, माझा नंबर, सगळं त्या आकड्यांत घातलं. ते आकडे अक्षरांसारखे दिसतात, म्हणून तिकडे म्हणे दोन्ही बाजूंना उभी दांडी देतात. मला वाटलं, आपल्या ॥ श्री ॥ सारखं काही शुभ असेल. मीच कौतुकाने सगळ्या पाहुण्यांना पाठवली.

संगणकात प्रत्येक लिपीच्या आकड्याला वेगळा संकेत असतो आणि ज्या फोनात त्याची आकृतीच नाही तो रिकामा चौकोन दाखवतो, हे ज्ञान मला नंतर मिळालं. आपल्या पाहुण्यांचे फोन जुने! पाथर्डीच्या केशरबाई आत्या म्हणाल्या, "तारीख ठरली न्हाई व्हय अजून?" शेवटी व्याही रामहरीराव जीप करून दारात हजर. "पावनं, आमी तारीख दिली, तुमी चौकोन धाडले. मोडायचं आसंल तर तोंडावर सांगा." मी माझ्या फोनवर ते आकडे दाखवले, तर त्यांना ती करणी वाटली. (दांड्यांमुळे जास्तच.) चहाही न घेता गेले. रवी, त्या भरल्या कपाकडे बघून मला रडू आलं रे. साध्या आकड्यांत नवी पत्रिका पाठवली, तर लोक विचारतात, लग्न पुढे ढकललं का?

तुझे हताश दाजी,
राधाकृष्ण

ता. क. पत्रात तारीख मुद्दाम लिहिली नाही. तुलाही पत्रिका पाठवली आहे आणि तुझ्या फोनवर ती लख्ख दिसते, हे मला ठाऊक आहे.

ता. क. २. तुला रजा नाही, हे तू कळवल्यावरच पोरीने ते आकडे घातले. काल रडत म्हणाली, "बाकीच्यांना कशीबी कळंल. मामाला त्याच्या तिकडच्या आकड्यांत बोलावलं तर तो न्हाई म्हननार न्हाई." अंतरपाटापाशी तिला मामानेच आणायचं असतं, आणि दुसऱ्या कुणाचा हात ती धरणार नाही. रामहरीरावांच्या पाया मी पडतो. तू ये.