साबणाची अर्धी वडी

४ मे, मानपाडा

साखर १२६. पाणी तीन बाटल्या. आंघोळ दोन वेळा.

डॉक्टर चित्रा मॅडमनी ही वही दिलीये. म्हणाल्या, उत्तम, ट्रकवर गेलात की अंगाची वाट लागते, रोज चार ओळी लिहा आणि महिन्याने मला दाखवा. मॅडम, चार ओळींत माझं भागणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

आजपासून मी ट्रक ड्रायव्हर! अकरा वर्षं कंपनीची एसी बस चालवली, डोंबिवली ते ठाणे, रोज इस्त्रीचा शर्ट. कंपनी गुजरातला गेली आणि मी इथेच राहिलो. आता नवे मालक भाऊ, त्यांची दहा चाकी गाडी. मानपाड्याहून रंगाचे ड्रम भरायचे, धुळ्याला उतरवायचे, परत यायचं. भाऊंनी नारळ फोडला, स्वतःच्या हाताने पेढा भरवला. पेढ्याला तंबाखूच्या बोटांचा वास होता. चांगला दिवस म्हणून गिळला.

माझं सामान बघून बाकीचे ड्रायव्हर हसत होते. दोन टॉवेल, नेलकटर, साखर बघायचं मशीन, फिनाईल, स्वतःचा मग. हसा लेको. तुम्हाला नाही कळायचं. माझी उर्वी पाच महिन्यांची आहे. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर झाली, तीही सातव्या महिन्यात, एकवीस दिवस काचेच्या पेटीत होती. मॅडमनी तेव्हाच बजावलेलं, हिला साधं इन्फेक्शनसुद्धा झेपणार नाही. आणि बाप येणार गावोगावची घाण अंगावर घेऊन! म्हणून नंदाला शब्द दिलाय. घरात पाय टाकला की आधी मोरी, मग पोर.

केबिन उघडली आणि दोन पावलं मागे सरलो. दाराला आतून गुटख्याचे ओघळ, सीटखाली कुजलेला कांदा, आणि मागच्या गादीवर अख्ख्या माणसाएवढा डाग. मधे काळा, कडेला पिवळा, हाताला चिकट. शी! माझ्याआधी या गाडीवर भिवा नावाचा ड्रायव्हर होता. भाऊंना विचारलं हा डाग कसला, तर म्हणाले डिझेलचा असेल, भिवा आता नाही चालवत, तू तुझं बघ. डिझेल असं गोडसर कधीपासून वास मारायला लागलं? गादी ओढून काढली, फेकली, फिनाईलच्या दोन बाटल्या ओतल्या.

टूलबॉक्समध्ये मात्र एक पिशवी नीट बांधलेली सापडली. कोरा पांढरा पंचा आणि कागदात गुंडाळलेला साबण. एखाद्याच आंघोळीला वापरला असेल, वरची अक्षरं शाबूत होती. साबणाला तुळशीचं सुकलेलं पान चिकटलेलं. म्हटलं, भिवा गादीवर डुकरासारखा लोळत असेल, पण माळकरी असणार. पिशवी ठेवून दिली.

६ मे, कसारा घाटाच्या खाली

साखर १२२. पाणी दोनच बाटल्या. आंघोळ एक, ती कशी झाली ते वाचा.

मॅडम, ढाब्यावर एक सिमेंटची टाकी असते. तिच्यावर एक जण दात घासत होता, दुसरा पायाची भेग दगडाने खरवडत होता, आणि त्याच पाण्यात आचारी कोथिंबीर बुचकळत होता. मी दाल न खाता केळी घेतली. संडासाचं तर सांगूच नका. दार नाही, टमरेल नाही, आधीच्या चौघांचं जसंच्या तसं. मागच्या भिंतीला पिवळ्या पाण्याने भरलेल्या बाटल्यांची रांग. उतरायचा कंटाळा म्हणून हे लोक गाडीतच उरकतात आणि झाकण लावून फेकतात. एक फुटलेली होती. त्यावरून मी घसरलो.

घसरलो तसा हातातला साबण गटारात गेला. गटारात कोणाचा तरी बेडका तरंगत होता, त्याच्या शेजारी माझा साबण! काढायचा प्रश्नच नव्हता. अंगाला ते सगळं लागलेलं, आंघोळीशिवाय मी स्टेअरिंगला हात लावला नसता. मग भिवाच्या पिशवीतला साबण काढला. दुसऱ्याची वस्तू मी वापरत नाही, पण साबणच तो, साबण कसा काय घाण असेल? आधी साबणालाच धुतला, पान काढून टाकलं, मग अंगाला लावला.

काय फेस आला म्हणून सांगू! तिथल्या खाऱ्या पाण्यात कोणाचाच साबण फेसत नव्हता. अंग एकदम थंडगार झालं. मे महिन्यात घाटाखाली असं थंड वाटतं का कधी? झकास झोप लागली. कूस बदलल्याचंही आठवत नाही.

९ मे, धुळ्याहून परतताना

साखर ११०. मॅडम, बघा, उतरतेय! आंघोळ रोज तीन वेळा.

फक्त मळ फार निघतोय. चोळलं की करड्या वळकट्या पडतात, कोपरातून, मानेवरून, पोटावरून. रस्त्याची धूळ असणार. आणि एक गंमत. इतका वापरला तरी साबणावरची अक्षरं तशीच आहेत.

सुरीने वडीचे दोन भाग केलेत. अर्धी गाडीत, अर्धी घरच्या मोरीसाठी.

११ मे, आंबिवली, घरी

साखर १०१.

दारातूनच मोरीत गेलो. बरोबर आणलेली अर्धी वडी लावून दोनदा अंग घासलं, मगच उर्वीला घेतलं. किती गोड हसते! माझ्या गालाला नाक लावलं आणि एकदम रडायला लागली. नंदा म्हणाली, अहो, हात किती गार पडलेत तुमचे, पोर दचकली. मी म्हटलं, आंघोळ केलीये ना आत्ताच.

उर्वीच्या मानेच्या घडीत घामोळं आलंय, लाल झालंय. नंदाने विचारलं काय लावू. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की हाच साबण लाव, दुकानातल्या त्या बाळाच्या साबणापेक्षा शंभरपटीने मऊ आहे, माझं सगळं घामोळं गेलं. ती म्हणाली, बघते.

१५ मे, पडघ्याजवळ

साखर ८८. भूक नाही.

केबिनमध्ये तो गोडसर वास परत आलाय. गादी नवी आहे, माझी आहे, चादर कालच धुतलेली. सीट काढून बघितली, उंदीर मेलाय का बघितलं. काही नाही. फिनाईल टाकलं की तासभर बरं, मग परत. जिभेवरसुद्धा येतो. दात घासून घासून हिरड्या सोलल्यात.

माश्या. काच बंद, तरी माश्या. डबा उघडा ठेवला, त्यावर बसत नाहीत. माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत बसतात.

आज मळ काढताना काखेखालची कातडीच वळकटीबरोबर निघाली. हाताएवढा तुकडा, ओल्या कागदासारखा. खालचं सगळं राखाडी. दुखलं नाही. मला ओकारी झाली, आणि ओकारीत केळ्याचे तेच तुकडे, परवाचे. पोटात दोन दिवस काही हललंच नाहीये.

भाऊंचा दुसरा ड्रायव्हर आहे जगन, तो ढाब्यावर भेटला. माझ्यासमोर ताट घेऊन बसला आणि नाकाला रुमाल लावून उठला. मला! उत्तमला! ज्याने आठवड्यात एकदा अंगाला पाणी लावलं तर पुष्कळ, त्याने! मला इतकी लाज वाटली की लगेच टाकीवर गेलो आणि चौथी आंघोळ केली. त्याच साबणाने. दुसऱ्या कशाचा फेसच होत नाही माझ्या अंगावर.

जगन माझ्या हातातल्या साबणाकडे बघत राहिला. कुठून आणला, म्हणाला. गाडीतला, म्हटलं. लगेच गाडी काढून गेला, ताटातलं अर्धं तसंच टाकून.

१८ मे, धुळे

साखर — नाही सांगता येत.

सुई टोचली, रक्त आलं नाही. दुसऱ्या बोटाला टोचली. पाचही बोटांना. दाबून दाबून शेवटी एक थेंब आला, काळा, घट्ट. मशीन म्हणालं एरर.

नखं निळी. पायांत उभ्याने काहीतरी साचतं, टाचा जांभळ्या झाल्यात, बोटाने दाबलं की खळगा तसाच राहतो.

नंदाचा फोन. घामोळं एकदम गेलं म्हणाली, तुमचा साबण भारीच आहे, आता रोज त्यानेच आंघोळ घालते. पोर इतकी शहाणी झालीये की दिवसभर रडत नाही. बरं वाटलं ऐकून. निदान ती तरी —

माश्या परत.

२१ मे, घाटात

आंघोळ सात. पाणी नाही. तहान नाही.

कानातून काहीतरी पांढरं पडलं वहीवर. तांदळाएवढं. हललं.

मॅडम, हे पान फाडून टाकेन. तुम्हाला नाही दाखवणार.

२२ मे, मानपाडा, सकाळ

लिहायलाच पाहिजे.

गेटसमोर केशरबाईंची चहाची टपरी आहे. भाऊंच्या सगळ्या गाड्या त्यांना पाठ. मला बघितल्याबरोबर त्यांच्या हातातली किटली खाली पडली. देवा, म्हणाल्या, हे तर भिवाचं तोंड. मग जवळ आल्या आणि पदर नाकाला लावून सगळं सांगितलं.

भिवाने गाडी सोडलीच नव्हती. मार्चमध्ये मोहने गावच्या बंद कारखान्याच्या भिंतीला गाडी लावून झोपला तो तिथेच मेला. चार दिवस उन्हात. वासावरून कळलं. पोलीस, दवाखाना सगळं उरकलं, घरचं कोणी आलं नाही. मग ड्रायव्हर लोकांनीच केलं. गाडीच्या आडोशाला त्याला आंघोळ घातली. नवा साबण, नवा पंचा, तोंडात तुळस. जे उरतं ते घरी आणायचं नसतं, प्रेताबरोबर जाऊ द्यायचं असतं. पोरंसोरंसुद्धा जाणतात. भाऊंनी जगनला सांगितलेलं, उरलेलं नदीत सोड. जगनला नदीपर्यंत जायचा कंटाळा आला. पिशवी टूलबॉक्समध्ये टाकली आणि सोडली म्हणून सांगितलं.

प्रेताच्या आंघोळीचा साबण.

मी तोंडाला लावला. डोळ्यांना. त्याच्या अंगाची सुटलेली कातडी जिथे जिथे घासली तो साबण मी माझ्या — शी शी शी. दिवसातून सात वेळा! मलाच मी आंघोळ घालत होतो. मढ्याला घालतात तशी.

केशरबाई म्हणाल्या, आता टाक ती वडी, उरलेली नदीत सोड.

उरलेली नाही हो. अर्धी आहे.

अर्धी घरी आहे.

२२ मे, कल्याण, गाडी अडकलीये

पुलावर ट्रॅफिक. हलत नाही. म्हणून लिहितोय, नाहीतर ओरडेन.

नंदाने फोन उचलला. मी ओरडलो, साबण फेक, तिला लावू नकोस. ती म्हणाली, अहो, आत्ताच तर आंघोळ घातली. कालपासून दूध घेत नाहीये, पण रडत पण नाही, मस्त गार पडून आहे या उकाड्यात.

मग म्हणाली, पाळण्यावर माश्या फार झाल्यात, मच्छरदाणी लावलीये.

मी सांगितला साबण. मी. ऐटीत. तिला कोणी दुसऱ्याने नाही —

गाडी इथेच सोडतो. रिक्षा.

आंबिवली

आंघोळ न करता आत आलो. पहिल्यांदा.

नंदा म्हणते, झोपलीये, उठवू नका. म्हणते, हा वास तुमचाच आहे ना? सांगा ना, तुमचाच आहे ना हो?

माझाच आहे, म्हटलं.

उर्वी डोळे उघडे ठेवून बघतेय. हसत नाही. मानेच्या घडीत बोट फिरवलं. करडी वळकटी आली. बारीक.

मशीन काढलं. नवी सुई. टाचेला टोचली. रडली नाही. नंदा रडतेय, हात ओढतेय माझा. थांब गं, येईल. लहान मुलांचं उशिरा येतं. मी दाबतोय. नंदा, तू दाब, मला लिहू दे, मॅडमना दाखवायचंय —

उर्वी, पाच महिने. आंघोळ एक.

साखर