दुकानाचं नाव कुणाच्या नावावर

धाकटे,

थोरलीचा तुला पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? माझा डावा बरा आहे, उजव्याने संप केलाय. पत्र नात लिहितेय. चाळीस वर्षं बाइंडिंगच्या दुकानात मी हजारोंनी पुस्तकं शिवली आणि त्यांतलं एकही मला वाचता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे (शिवण मात्र कुणाची उसवली नाही).

नऊ दिवस तू फोन उचलत नाहीस, त्यात तुझं काही चुकत नाही. झालं ते असं. दुकानाची वेबसाइट नव्या कंपनीकडे हलवायची होती. कंपनीने मुलाला विचारलं, हे नाव कुणाच्या नावावर आहे? मुलाने माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे. मग नातीने इंटरनेटवरची नोंद काढली. वेबसाइटचं नाव घातलं की ते कुणी घेतलं, कधी घेतलं, मुदत कधी संपते, सगळं येतं म्हणे. (काही जण आपलं नाव लपवतातही. ढब्बूने लपवलं नव्हतं. चोराने आधी तेच केलं असतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.) नातीने वाचलं: मालक, तुझा ढब्बू. मुदत, येत्या वीस तारखेपर्यंत. दुसरीकडे हलवायला बंदी. आणि खाली दोन नेमसर्व्हर.

झालं! मी खळीचा ब्रश खाली ठेवला आणि ठरवून टाकलं, की बहिणीच्या पोराने दुकानाचं नाव लाटलं, वर कुलूप घातलं आणि दोन माणसं पहाऱ्याला बसवली. अख्खी नोंद मी तारखांसकट पाठ केली आणि संध्याकाळपर्यंत दिरांना, नणंदबाईंना, विहीणबाईंना फोनवर म्हणून दाखवली. विहीणबाईंनी तर दोनदा म्हणायला लावली.

दुसऱ्या दिवशी सूनबाई पुठ्ठे कापता कापता शांतपणे म्हणाली, की सात वर्षांपूर्वी ढब्बू याच टेबलाशी बसून मला विचारत होता, मावशी, नाव तुझ्या नावावर घेऊ का? आणि मी म्हणाले होते, "जे मला वाचता येत नाही, त्यावर माझं नाव नको." म्हणून बिचाऱ्याने स्वतःचं घातलं. दर वर्षी मुदतही त्यानेच वाढवली, कधी बोलला नाही. कुलूप होतं ते नाव दुसऱ्या कुणी पळवू नये म्हणून. आणि माझे ते दोन पहारेकरी म्हणजे नुसती यंत्रं, आल्यागेल्याला वेबसाइट कुठे राहते ते सांगणारी. (एवढी माझी स्मरणशक्ती, मग हे कसं विसरले, ते विचारू नकोस. सोयीचं तेवढंच पाठ राहतं.)

तोवर ढब्बूचा फोन येऊन गेला होता. एकच वाक्य बोलला: "मावशी, मागितलं असतंस तर तेव्हाच दिलं असतं." ओरडला असता तर बरं झालं असतं, मी उत्तर तयार ठेवलं होतं.

आता मी सगळ्यांना पुन्हा फोन केलेत. नात सांगते, या नोंदी बदलल्या तरी जुनं लगेच पुसलं जात नाही. ज्याने त्याने आधीचं जपून ठेवलेलं असतं, तेच तो दिवस-दोन दिवस सांगत राहतो. एवढं मात्र मला झटकन समजलं. दिरांकडे नवी बातमी पोचली. नणंदबाईंकडे अजून जुनीच चालू आहे, आणि त्या ती माझ्यापेक्षा रंगवून सांगतात.

घरच्यांना विचारल्याचं सांग.

तुझी (अजून मानत असशील तर)
थोरली

ता. क. मुदत वाढवायचा ईमेल ढब्बूलाच जातो. आमच्या हातात काही नाही. वीस तारखेच्या आत त्याला सांग.

आणखी ता. क. मुलगा म्हणतो, एकदाचं नाव आपल्याकडे करून घेऊ. मी नको म्हटलं. ढब्बूच्याच नावावर राहू दे. वेबसाइट हलवायची तर त्यानेच इथे येऊन हलवावी, म्हणजे त्याचं येणं तरी होईल.

शेवटचं. नात विचारते, आजी, एवढ्या पत्रात 'चुकले' कुठेच नाही, घालू का? घाल म्हटलं, पण बारीक अक्षरात; धाकटीला चष्म्याशिवाय दिसत नाही.

(चुकले.)