जाळीत अडकलेला कापूस

नाना, गाडीचा एसी गरम हवा फेकतोय म्हणून आई जळगावला यायला तयार नाही. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, पण बॉनेट उघडलं की अजून आधी तुम्हालाच सांगावंसं वाटतं. देवपूरच्या आपल्या घरापुढे, कडुलिंबाखाली गाडी उभी आहे आणि मी आत बसून हे लिहितेय. लिहितेय म्हणजे काय, दोन ओळी झाल्या की उतरते, गाडीला एक चक्कर मारते, पुन्हा येऊन बसते. गेल्या आठवड्यात आईला स्वयंपाकघरात भोवळ आली. ओट्याला धरून ती खाली बसली म्हणून निभावलं. शेजारच्या अक्कांनी मला फोन केला, तिनं नाही. आता तिला इथे एकटं ठेवायचं नाही, हे मी जळगावहून निघतानाच ठरवलं होतं. सकाळी तिची पिशवी भरली, गॅसची टाकी बंद केली, खिडक्या लावल्या. ती निमूट गाडीत बसली. मी एसी लावला, आणि तिला निमित्त सापडलं.

"माय वं, हाई ते भट्टी शे! मी नही येस," म्हणत ती उतरलीसुद्धा. मी म्हटलं, हायवेला लागलो की गार होईल. "उन्हाया सरू दे, मंग दखू. कसाले घाई करस?" इतकं बोलून ती घरात गेली आणि तिनं सगळ्या खिडक्या पुन्हा उघडल्या. मला रडू येत होतं की राग, कळत नव्हतं. मी गावातल्या एका मेकॅनिकला फोन लावला. गाडी न बघताच तो म्हणाला, "गॅस संपला असेल ताई, घेऊन या." मी किल्ली फिरवणार होते, तेवढ्यात हायवेकाठचं तुमचं गॅरेज आठवलं.

मी तेव्हा कॉलेजात, सुट्टी असली की तुमचा डबा घेऊन येते. पत्र्याखाली एक पांढरी गाडी उभी आहे, मालक कपाळ पुसतोय. दोन सुट्ट्या तुमच्यामागे उभी राहिलेली मी शहाण्यासारखी सांगते, काका, गॅस गेलाय. तुम्ही गाडीखालून डोकं बाहेर काढता आणि त्या माणसासमोरच म्हणता, "हात लाव, मंग बोल." माझे कान तापतात. मग तुम्ही माझा हात धरून एसीच्या जाड पाइपावर ठेवता, तो माठासारखा थंड हवा. बारीक पाइपाला बोट नुसतं टेकवायला सांगता, तो कपातल्या चहासारखा गरम हवा. गॅस उगाच कमी होत नाही, कुठून तरी जातो, ती जागा सापडल्याशिवाय भरायचा नाही, असं तुम्ही त्या मालकाला समजावत राहता. त्याला घाई असते. तुम्हाला कधीच नसायची, आणि त्याचा मला तेव्हाही वैताग यायचा.

आज मी हात लावला. जाड पाइप जेमतेम गार, बारीक पाइपाला बोट टेकवेना. मग आठवलं, येताना मोकळ्या रस्त्यावर हवा बरी येत होती. पारोळ्याच्या गर्दीत गाडी रेंगाळली तशी हवा गरम झाली. म्हणजे गॅस होता, तो निववणाऱ्या एसीच्या पुढच्या जाळीला वारा मिळत नव्हता. मी समोरची ग्रील काढली आणि तिथेच डोक्याला हात लावला. तुमचे जावई केळीवाल्या घरातले, त्यांना प्रत्येक दुखण्यावर शेडनेट माहीत. आमच्या घरामागे जिनिंग आहे, हंगामात कापूस सगळीकडे उडतो. तो गाडीत शिरू नये म्हणून त्यांनी केळीच्या रोपांवरची हिरवी नेट दुहेरी करून आत बांधून ठेवली होती. तिच्यावर कापूस आणि धूळ बसून गोधडी झाली होती. मी फोन केला तर म्हणतात, "बघ, एक तंतू आत गेला नसेल." मी म्हटलं, "वाराही गेला नाही." तंतू तर गेलेच होते. नेट कापून काढली, तिच्यामागची एसीची जाळी मऊ ब्रशनं झाडली, तिच्या पात्या वाकू नयेत म्हणून पाण्याची धार हलकी ठेवली. सुकल्यावर एसी लावला. दहा मिनिटांत माझ्या घामेजल्या गळ्यावर काटा आला. मी आईला हाक मारणारच होते.

तेवढ्यात शेजारच्या अक्का फाटकाशी आल्या. उद्या पहाटे त्यांच्याकडे ज्वारीचे बिबडे आहेत, पीठ शिजवून घाटायचं आणि उन्हात पापड घालायचे. आईचे झाले तेव्हा गल्लीतल्या सगळ्या जणी आपल्या घरी राबल्या होत्या. आता त्यांच्या पाळीला तिनं जायचं होतं. हे ती मला बोलली नव्हती. "लेक लई चालनी ना तुले?" अक्कांनी माझ्या गाडीकडे बोट करून विचारलं. आई ओसरीवरून, कितीतरी दिवसांनी ऐकलेल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "आते कसानं जास! गाडी बिघडेल शे. येसू ना मी, पीठ मीच घाटसू."

मी एसी बंद केला. मग आईनं विचारलं, "व्हयनी का नीट?" मी म्हटलं, अजून नाही. काचा खाली करून बसलेय, नाना, आणि आतला गारवा हळूहळू बाहेर जातोय.