शंभरातल्या किती जणी

मी, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा बाइंडिंगचा, आता बंद, पुस्तके चिकटवायच्या खळीवरून साऱ्या बाजारात ‘खळबाई’ म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणाचे दडपण नाही. भीती मात्र आहे. ती कागदावर आली तर चालते का, असे मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, “भ्यायलेल्या माणसाचं मृत्युपत्र कायद्याला चालतं, बाई. भ्रमिष्टाचं चालत नाही.”

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि मागची मोरी, माझ्या धाकट्या बहिणीला. ती बालवाडीत बाई होती. तिला मूलबाळ नाही. माझे यजमान गेल्यापासून एकवीस वर्षे ती माझ्याजवळ राहते.

२. बँकेतली ठेव माझ्या मुलाला. तो परगावी असतो आणि फोनवर रोज एकच म्हणतो, “आई, ऑपरेशन करून टाक.” घर मावशीला का दिले म्हणून त्याने तोंड वाकडे करू नये. त्याने फोन केले, तिने माझी पाठ धुतली. हे वाचून राग आला तर दोन दिवसांनी पुन्हा वाचावे.

३. पुस्तके दाबायचा लोखंडी शिकंजा, सुऱ्या आणि दाभणे समोरच्या बाइंडरला. तीस वर्षांपूर्वी त्याने हेडमास्तरांचे कान भरले, की बाईच्या हातची शिवण वर्षभरही टिकत नाही. शाळेच्या हजेरीपटांचे काम माझ्या हातून गेले. मी विसरलेले नाही. पण चांगला शिकंजा मोडीत जाण्यापेक्षा वैऱ्याकडे गेलेला बरा.

४. आता ज्यासाठी हा कागद करावा लागला ते.

माझ्या हृदयाची झडप अरुंद झाली आहे. दोन पायऱ्या चढले की धाप लागते. ऑपरेशनचा फायदा पदरात पडायला माणूस पुढे काही वर्षे जगायला हवा, म्हणून डॉक्टरीणबाईंनी आधी एक तक्ता भरायला घेतला. त्यात प्रश्न असतात, उत्तरांना गुण असतात, आणि त्यावरून किती आयुष्य उरले असेल याचा अंदाज निघतो.

“आंघोळ स्वतःची स्वतः करता?”

“करते की.”

“जड खुर्ची सरकवता येते?”

“जन्मभर शिकंजा फिरवलाय. खुर्चीचं काय घेऊन बसलात?”

“न थांबता अर्धा किलोमीटर चालता?”

“चालते.”

तिन्ही उत्तरे खोटी होती. नापास व्हायची भीती वाटली, दुसरे काही नाही. रोज सकाळी धाकटीच मला मोरीत बसवून आंघोळ घालते. ती शेजारीच होती. पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. माझे गुण चांगले भरले आणि ऑपरेशनची तारीख मिळाली.

तेव्हापासून मनात एकच घोळत होते. खरे सांगावे तर आपले उरलेले दिवस कळणार. न सांगावे तर टेबलावर जीव जायचा. घास तोंडात फिरायचा. चौथ्या दिवशी पाठीवर पाणी ओतता ओतता धाकटी म्हणाली, “आक्का, त्या बाईंना खरं सांगू या. तू खोटं बोललीस आणि मी गप्प बसले. उद्या तुझं काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?”

आम्ही गेलो. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी तक्ता पुन्हा भरला आणि म्हणाल्या, “ऑपरेशनमधून सावरण्यातच तुमचे बरेच दिवस जातील. माझी आई असती तर मी तिला गोळ्यांवर ठेवलं असतं. पण हा अंदाज आहे. तुमच्यासारख्या शंभर जणी घेतल्या तर किती जणी किती वर्षं काढतात, एवढंच यातून कळतं. त्या शंभरात तुम्ही कोणत्या, ते मला कळत नाही.”

किती, हे विचारायला माझी जीभ उचलेना. मी म्हटले, “हिला सांगा. मी बाहेर बसते.”

बाकावर बसून मी दाराकडे बघत राहिले. बराच वेळ गेला. धाकटी बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. “चल, घरी जाऊ,” एवढेच बोलली.

त्या दिवसापासून ती माझ्यावर ओरडेनाशी झाली. जुनी वही चिकटवून खळीचे हात पडद्याला पुसले तरी नुसता पडदा धुवायला काढायची. खिडकीजवळची खाट तिने मला दिली. स्वतःचे स्वेटर शेजारणीला देऊन टाकले. प्रत्येक गोष्टीत मला माझाच आकडा दिसायचा. आधी वाटले, वर्ष असेल. मग वाटले, चार महिने.

गेल्या सोमवारी सकाळी धीर करून विचारले, “सांग. किती?”

“तुझं ना? शंभरातल्या निम्म्या जणी चार वर्षं काढतात म्हणाल्या.”

“चार वर्षं? मग तू अशी का वागतेस?”

तिने हातातल्या टॉवेलची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली. “तू बाहेर गेलीस ना, तेव्हा मी म्हटलं, आता माझाही तक्ता भरा.”

तिचे वय शहात्तर. साखर जुनी, मूत्रपिंडे अशक्त, गेल्या वर्षात दोनदा दवाखान्यात. आणि काही न करता वजन आठ किलो उतरले. तिचे कपडे सैल झाले म्हणून मीच दोनदा आतून टीप घालून दिली होती. का सैल झाले, ते मी विचारले नाही.

“किती?”

“दोन वर्षं गाठणाऱ्या शंभरात वीसच.”

५. माझे ऑपरेशन करू नये. मला यंत्रावर ठेवू नये. मला बोलता आले नाही तर माझ्या उपचारांचा निर्णय धाकटीने घ्यावा, आणि तो डॉक्टरांनी मानावा.

६. वकील म्हणाले, धाकटी माझ्या आधी गेली तर घर कोणाला, हे लिहिल्याशिवाय कागद पुरा होत नाही. इथे पेन दोन दिवस अडले. मरणाला मी भीतच होते, पण ती भीती माझी एकटीची होती. ती गेल्यावर या दोन खोल्यांत मी मागे उरेन, ही भीती त्याहून मोठी. शेवटी धाकटीच म्हणाली, “मुलाचं नाव घाल आणि मोकळी हो.” तसे घर मुलाला.

शनिवारी तिनेही याच वकिलांकडे आपले मृत्युपत्र केले. जे काही आहे ते आक्काला. आक्का आधी गेली तर कोणाला, हे सहावे कलम तिच्या कागदात नाही. वकिलांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, “त्याची गरज पडायची नाही.”

वरील मजकूर मी वाचला, धाकटीला वाचून दाखवला, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही: खळबाई

साक्षीदार १: वकील
साक्षीदार २: डॉक्टरीणबाई (लिहिणारी पूर्ण शुद्धीत असल्याची खात्री केली.)

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: सोळा फेब्रुवारी, सोमवार, सकाळी अकरा