मेणाचा डाग पडलेलं पान

सार्किपेरा, ११ फेब्रुवारी १८९८

लाडक्या आलीनास,

आजीचे आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. चार पानं! त्यात तपकिरी गाईची विचारपूस आहे, पाळकसाहेबांच्या सर्दीची आहे, माझ्या गुडघ्यांची मात्र कुठेच नाही. आफ्रिकेच्या उन्हात माणसाची आठवण वितळते म्हणतात, पण नेमके माझेच गुडघे वितळावेत? गाय बरी आहे. गुडघ्यांचं विचारलंस तर सांगेन.

हे पत्र नेहमीप्रमाणे हेमिंकी मास्तर लिहून घेताहेत. चर्चचे गायनमास्तर म्हणून जन्मभर वरच्या सुरात गाऊन त्यांचा आवाज बसला, हात शाबूत आहे. दोन कप कॉफीवर सौदा ठरलाय.

इथे बर्फ खिडकीला टेकलंय. मंडळीतल्या बायकांनी तुझ्या शाळेसाठी चाळीस लोकरी मोजे विणले. मी म्हटलं, "अगं, तिथे ऊन असतं ना?" पाळकीणबाई म्हणाल्या, "वालपुरी, प्रेमानं विणलेत." म्हटलं, मग प्रेमानं घाम येईल. मोजे निघालेत. पोरांना म्हणावं, हातात घाला.

मागच्या बुधवारी मंडळीची वर्षाची वाचनपरीक्षा आपल्या घरी होती. सगळा गाव बाकांवर. पाळकसाहेब एकेकाच्या हाती धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी देऊन वाचून घेत होते. माझी पाळी आली तर म्हणाले, "आजी, तुमचं काय ऐकायचं! तुमची नात परदेशात अक्षरं शिकवते." सगळे हसले. मीही हसले. आणि पटकन कॉफी ओतायला उठले.

आता तुझ्या त्या म्हाताऱ्या नांगोम्बेबद्दल. तू लिहिलंस, ती तीन वर्षं वर्गात बसते, पुस्तक धरून घडाघडा वाचते, पान वेळेवर उलटते. मग तू दुसरंच पान पुढे केलंस आणि ती गप्प झाली. सगळं पाठ केलेलं. तू म्हणतेस ही फसवणूक, वाचता आल्याशिवाय बाप्तिस्मा नाही, आणि यादीतून तू तिचं नाव खोडलंस.

हे मास्तरांनी वाचून दाखवलं तेव्हा माझ्या हातातली सुई खाली पडली.

पोरी, मलाही वाचता येत नाही.

हात थरथरतो म्हणून मी पत्रं लिहवून घेते, हे खोटं. रविवारी नाकावर असतो तो चष्मा तुझ्या आजोबांचा. त्यातून पाळकसाहेब दोन दिसतात, एकच पुरे असताना. माझी बहीण काइसा सूत कातताना प्रश्नोत्तरी मोठ्यानं वाचायची, ती मी कानांनी उचलली. आमच्या पुस्तकात मेणाचा डाग म्हणजे चौथ्या आज्ञेचं पान, फाटका कोपरा म्हणजे प्रभुभोजनाचं. तू मांडीवर बसून विचारायचीस, "आजी, हे कोणतं अक्षर?" मी म्हणायचे, "तूच सांग बघू." तुला वाटायचं मी परीक्षा घेतेय.

आमच्या वेळी वाचता आलं नाही तर दृढीकरण नाही, म्हणजे मंडळीत पक्कं नाव नाही, आणि दृढीकरण नाही तर लग्न नाही. मी एकोणीस वर्षांची. नवे पाळक आले आणि त्यांनी स्वतःचं कोरं पुस्तक माझ्या हाती दिलं. ना डाग, ना फाटका कोपरा. तुझे आजोबा आबेल दाराशी टोपी चुरगाळत उभे. तेवढ्यात मागे उभ्या तरुण गायनमास्तरांना खोकला आला, आणि खोकल्यात त्यांनी पहिले तीन शब्द पुटपुटले. पुढचं मी एका दमात म्हटलं.

इथे मास्तरांची लेखणी थांबलीय. "वालपुरीबाई, हेही लिहायचं?"

"लिहा. अर्धं पाप तुमचं आहे. अक्षर वळणदार काढा."

त्या पानावर काय होतं माहीत आहे? विश्वास माणसाच्या अकलेनं कमावता येत नाही, देवच तो देतो, हेच. मी वाचायचं सोंग करत होते आणि शब्द खरा होता. पंचावन्न वर्षं प्रभुभोजनाला गुडघे टेकले की वाटायचं, वालपुरी, हे चोरीचं तर नाही? मग भाकर तोंडात पडायची. तिथे मला कोणी कधी पुस्तक मागितलं नाही.

अक्षरं शिकव, जरूर शिकव. नांगोम्बेलाही शिकव, पण नंतर. पुस्तक उंबऱ्यावर आडवं ठेवू नकोस. यादीला वेळ असतो गं, म्हाताऱ्या बाईला नसतो. तिनं तुला फसवलं म्हणतेस. मला वाटतं, तिला आत यायचं होतं आणि तू दारात उभी होतीस.

निरोपाच्या दिवशी तू सगळ्या मंडळीसमोर म्हणालीस, "मी आजीच्या मांडीवर वाचायला शिकले." ते परत घ्यावंसं वाटलं तर घे. मी बाकावरून उठून जाणार नाही.

आजवर खाली माझं नाव मास्तर घालायचे. आज आपल्या दाताळ्याच्या दांड्यावर कोरलेली घराची खूण मी स्वतः काढलीय: दोन तिरप्या रेघा, एक उभी. वाकडी आली, पण माझी आहे.

रागावलीस तरी तुझीच,
आजी

ता. क. या पत्राचं उत्तर लिहू नकोस, मला ते वाचता येत नाही. नांगोम्बे तिकडची बाजरी कांडते असं तू लिहिलं होतंस. तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी जी रांधाल, त्यातली मूठभर कच्ची बाजूला काढ आणि एखाद्या मोज्यात बांधून पाठव. दुधात शिजवून मी आणि मास्तर खाऊ. बाजरी आली की मला कळेल.